ज्यांचे टप गेले त्यांस अनावृत पत्र

प्रति,
डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना येथील साउथ ग्रेगसन स्ट्रीटने जाणारे समस्त उंच ट्रक,

स.न.वि.वि.

1940 साली बांधलेल्या तिथल्या रेल्वेपुलाखाली ताठ मानेने घुसण्याची जी परंपरा आपण जपलीत, तिला तोड नाही. पुलाखाली जागा 11 फूट 8 इंच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ट्रकला 13 फूट 6 इंचांपर्यंत मुभा. तरी माघार घेईल तो ट्रक कसला! भाड्याच्या ट्रकमधून स्वतःच बिऱ्हाड हलवणाऱ्या हौशी मंडळींचा यात मोठा वाटा. रोज मोटार चालवणाऱ्याला डोक्यावर टप नावाचं प्रकरण आहे हे आठवणार तरी कसं? 2008 मध्ये जवळच्या एका ऑफिसातून कॅमेरे रोखले गेले आणि शंभराहून जास्त पराक्रम जगाने पाहिले. टपाचा पत्रा असा सोलून निघतो की पुलाचं नावच 'कॅन ओपनर' पडलं.

कुणी काहीच केलं नाही, असं म्हणणं मात्र पाप. पुलाच्या अलीकडे एक भक्कम पोलादी तुळई बसवलेली आहे. ती पुलाला वाचवते, ट्रकला नव्हे. 2016 मध्ये सेन्सर आला. उंच गाडी दिसली की सिग्नल लाल होतो आणि पाटी पेटते: उंची जास्त, वळलेच पाहिजे. आपल्यातले काही कायद्याचे इतके पक्के, की लाल दिव्याला निमूट थांबले, हिरवा लागला आणि सरळ निघाले.

रस्ता खोल का करत नाहीत? खाली सांडपाण्याची मोठी वाहिनी आहे. मग पूल वर न्यायचा, तर दोन्हीकडे दूरवर रुळांचा चढ बदलायचा. (आणि तुळई शाबूत असताना रेल्वेला घाई ती कसली?)

तरी ऑक्टोबर 2019 च्या अखेरीस मालक रेल्वे कंपनीने काम काढलंच. सुमारे पाच लाख डॉलर ओतून पूल उचलला.

आठ इंच.

आता उंची 12 फूट 4 इंच, म्हणजे 13 फूट 6 इंची ट्रकला अजून 14 इंच कमीच. महिनाही उलटला नाही, तोच आपल्यापैकी एकाने टप घासून नव्या उंचीचं उद्घाटन केलं.

पुलाच्या अगदी अलीकडे पीबडी स्ट्रीट लागते. कृपया तिथे वळावे.

कळावे, लोभ असावा.