आढीचा पहारेकरी

उन्हाळा लागला की आमच्या घरात छंदांची वाटणी होते. हिचा छंद म्हणजे पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवणं आणि गच्चीवर कुरडया घालणं. माझा छंद, त्या वाळताना पाहणं. कावळे हाकलावे लागतात. पण ते सावलीत बसूनही हाकलता येतात. शिवाय पलंगाखालची हापूसची आढी माझ्याकडे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मी पेंढा जरा अदबीनेच बाजूला करतो. रोज वास घ्यायचा, देठाशी हलकेच दाबायचं आणि ‘अजून दोन दिवस’ असा निकाल द्यायचा. हे शास्त्र आहे. (ही त्याला चाळा म्हणते.) काल चार आंबे डागी निघाले. माझ्या दाबण्यानेच, असं तिचं म्हणणं. उरलेल्यांचा रस तिनेच काढला. वाट्या मात्र मी पुसल्या. दोन्ही.