गृहीत काय धरलंय?

बेळगावजवळ पिरनवाडीत जांबोटीचा रस्ता फुटतो, त्या बाजूला अण्णा भेटले की ते तब्येत विचारत नाहीत, वय विचारतात. तुम्ही पन्नास म्हणालात की पुढचा प्रश्न तयार असतो: "मागच्या वाढदिवसाचं, की जवळच्या?" नवखा माणूस गांगरतो. जुने लोक सरळ जन्मतारीख सांगून मोकळे होतात.

अण्णांची नोकरी सगळी मुंबईत, विम्याच्या कचेरीत गेली. हुद्दा अ‍ॅक्चुअरीचा. हा शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसला नाही, पण "मरणाचा हिशेब करणारे अण्णा" ही ओळख पक्की बसली. अण्णांना ती अर्धवट वाटते. "मरणाचा हिशेब सोपा असतोय रे, जगण्याचा अवघड," असं ते म्हणतात, आणि हे तत्त्वज्ञान नव्हे. माणूस लवकर गेला तर विमा देणाऱ्याला फटका, लांबला तर पेन्शन देणाऱ्याला. म्हणून एखाद्या मुंजीत कुणी बटूला "शतायुषी हो" म्हटलं की अण्णा शेजारच्याच्या कानात पुटपुटतात, "चाळीस वर्षं पेन्शन! तरतूद कुणी केलीय काय?" इंग्लंडातली इक्विटेबल लाइफ ही 1762 सालची जुनी संस्था. पेन्शनचा ठरावीक दर देण्याचं वचन तिनं चांगल्या दिवसांत देऊन ठेवलं. पुढं व्याजदर उतरले, माणसं जास्त जगू लागली, आणि डिसेंबर 2000 मध्ये तिला नव्या ग्राहकांसाठी दार बंद करावं लागलं. ही गोष्ट अण्णा चहाच्या गाड्यावर अशी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं मयत त्यांच्याच भावकीत झालीय.

कुणी काहीही ठरवलं, घर बांधायचं, म्हैस घ्यायची, पोराला बेंगळूरला पाठवायचं, की अण्णांचा प्रश्न एकच: "गृहीत काय धरलंय?" विमा कंपनीनं देणी भागवून वर किमान ठेवायची जी रक्कम ठरते, तिच्या दीडपट शिल्लक हवी असा आपल्या नियामकाचा दंडक आहे. अण्णांनी तो श्रीखंडाला लावला. बारशाला शंभर माणसं म्हटली की ते दीडशेची ऑर्डर देतात. पुढं चार दिवस घरचे श्रीखंड खात कुरकुरतात, तेव्हा म्हणतात, "उरलं म्हणजे गणित चुकलं नव्हे. संपलं असतं तर चुकलं असतं."

1956 हे साल त्यांच्यासमोर काढू नये. काढलंत तर जेवायला उशीर होईल. त्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, 245 संस्था सरकारनं एका मुठीत घेतल्या आणि 1 सप्टेंबरला महामंडळ उभं राहिलं. मधे जुलैत मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडलं, आणि 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. इथं अण्णा थांबतात, चष्मा पुसतात. "245 संस्थांचे क्लेम निभावले की महामंडळानं! आमचा सीमेचा एकच क्लेम. 2004 पासून सुप्रीम कोर्टात पेंडिंग."

पुतण्याही याच धंद्यात पडलाय, त्यामुळे घरात जुगलबंदी चालते. अण्णांच्या उमेदीत महामंडळाचं कायद्याचं बंधन दोन वर्षांतून एकदा तरी मूल्यांकन करण्याचं होतं. 2000 नंतर प्रत्येक विमा कंपनीला नियामकाच्या मंजुरीचा नियुक्त अ‍ॅक्चुअरी ठेवावा लागतो, आणि कंपनी वाकडी चालली तर मालकाला सांगून भागत नाही, नियामकालाही कळवावं लागतं. 2022 पासून आयुर्विम्याच्या बहुतेक योजना आधी बाजारात आणून मग कळवल्या तरी चालतात. पुतण्या याला स्वातंत्र्य म्हणतो. अण्णा म्हणतात, "पूर्वी नको म्हणायला सरकार होतं. आता विक्रीवाल्यांच्या तोंडावर नको म्हणायचं तूच. पगार त्यांच्याच कंपनीचा, आणि वाईटपणाही तुझाच." माझं मत विचाराल तर अण्णांचं बरोबर आहे, पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नाही. आणखी तासभर जाईल.

गल्लीतल्या मंडळानं मयत फंड काढला तेव्हा सगळ्यांना सारखी वर्गणी ठरली होती. अण्णांनी विचारलं, साठीपुढचे सभासद किती? बहुतेक सगळेच. उद्यमबागेत पाळीला जाणारी पोरं आलीच नव्हती. "मग म्हातारे जातील तसा फंड आटेल. तुम्ही वर्गणी वाढवाल. धडधाकट गळतील. परत वाढवाल."

अध्यक्ष वैतागले. "अण्णा, जरा शुभ बोला की!"

शुभ काही निघालं नाही, पण वयाप्रमाणे वर्गणीचा तक्ता निघाला. नव्या सभासदाला सहा महिने काही मिळणार नाही हे ठरलं, आणि गंगाजळीला हात लावायचा नाही हेही. गणपतीत पोरांनी लायटिंगसाठी तेवढे पैसे उसने मागितले. अण्णा म्हणाले, "हे पैसे आपले नव्हेत. जो अजून गेला नाही त्याचे आहेत." त्या वर्षी लायटिंग साधीच झाली आणि आरतीला अण्णांच्या शेजारी कुणी उभं राहिना.

2021 च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली. गल्लीतल्या ज्या ज्या घरी रक्कम द्यायची होती, ती वेळेवर गेली. त्याबद्दल अण्णांचे आभार कुणी मानले नाहीत. फंड बुडाला असता तर अण्णांचं नाव निघालं असतं. बुडाला नाही, तेव्हा विषयच निघाला नाही.

आता तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या गटात अण्णा स्वतः बसतात. गल्लीत सर्वांत जास्त वर्गणी त्यांची आहे. महिन्याच्या 1 तारखेला ते ती भरतात आणि पावती मागून घेतात.