घोट्याकडे बघणारे

लेकीकडे तीन महिने राहायला म्हणून तोक्योला आलो आणि पहिल्याच आठवड्यात पाय मुरगळून घेतला. ती राहते कोतो वॉर्डात, ओजिमाला. हा सगळा कालव्यांचा भाग. अशाच एका कालव्याकाठी पायरी चुकली. पायरीचा दोष नाही; साठी उलटलेल्या माणसानं बगळ्याकडे बघत जिना उतरू नये.

लेकीनं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं आणि पाटी वाचून दाखवली, "होनेत्सुगी. होने म्हणजे हाड, त्सुगी म्हणजे जोडणं." म्हणजे हाडवैद्य की! एवढं विमानाचं भाडं भरून शेवटी हाडवैद्यापुढेच पाय पसरायचे होते तर.

आमच्या गावचा हाडवैद्य "यंदा पाऊसपाणी काय म्हणतंय?" असं विचारायचा आणि आपण उत्तर देत असतानाच पाय ओढायचा. पावसाचा विषय निघाला की माझ्या घोट्यात अजून कळ येते. इथला पंचविशीतला मुलगा मात्र आधी वाकून माफी मागायचा, मग दाबायचा. दुखायचं तेवढंच.

भिंतीवर त्याचा सरकारी परवाना होता. त्यात ज्यूदो हा शब्द पाहून मी जरा सावरून बसलो. पण इथल्या हाडवैद्यांची पदवीच ती: ज्यूदो-सेइफुकुशी. किमान तीन वर्षं शिकायचं, मग देशपातळीवरची परीक्षा. ज्यूदोवाल्या हाडवैद्यांना सरकारमान्यता मिळाली 1920 साली. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी जुजुत्सूचा गुरू शोधायला निघाले, तेव्हा त्यांनी हाडवैद्यांचेच उंबरे झिजवले होते. सांधा बसवणाऱ्याला सांधा निखळवणारेही ठाऊक असणार, हा हिशेब. कोल्हापूरच्या तालमीत हे सांगितलं तर कोणी मान वरही करणार नाही. तिथे पाडतोही वस्ताद आणि खांदा बसवतोही वस्ताद.

चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता मुलगा म्हणाला, की शनिवार-रविवार तो एका विद्यापीठाच्या धावपटूंबरोबर ट्रेनर असतो. रात्री पुण्याला ताईला फोनवर हे सांगितलं.

"ट्रेनर म्हणजे कोच ना रे?"

"नाही. कोच पळवतो. हा पळणाऱ्याचे पाय राखतो."

"मग डॉक्टर?"

"नाही."

"मग तो, बॅग घेऊन मैदानात पळत येतो, तो? अली इराणी?"

भारतीय क्रिकेट संघाचे फिजिओ अली इराणी आमच्या पिढीला फलंदाजांइतकेच पाठ आहेत. मी हो म्हणून टाकलं. ताईला एवढंच विचारायचं होतं, "लग्न झालंय का त्याचं?"

खरं तर कामाची व्याख्या त्या मुलालाही एका वाक्यात सांगता आली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बर्फ भरायचा. घोटे बांधायचे. मग उभं राहायचं. काही झालं नाही, तर बर्फ वितळेपर्यंत उभं राहायचं आणि पाणी ओतून घरी यायचं. हा सर्वांत चांगला दिवस. ज्या दिवशी सगळे त्याच्याकडे धावत येतात, तो वाईट. पगारवाढ मागताना हे साहेबाला कसं समजावून सांगायचं, मला सुचेना. शिवाय 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' ही सरकारी पदवी नव्हे; तो दाखला क्रीडा संघटनेचा. म्हणून खिशात हाडवैद्याचा परवाना ठेवायचा, दिवसा आमच्यासारख्यांचे घोटे बघायचे आणि शनिवारी तरुणांचे.

जानेवारीच्या 2 आणि 3 तारखेला हाकोने एकिदेन असते. विद्यापीठांच्या संघांची धावण्याची शर्यत, तीही 1920 सालीच सुरू झालेली. तोक्योतल्या ओतेमाचीपासून हाकोनेला जाऊन परत, 217.1 किलोमीटर, संघात दहा जण आणि खांद्यावरचा पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा. सारा देश टीव्हीपुढे बसतो. मला वारी आठवली. वारीत वाटेवर बसून कोणी अनोळखी माणसं वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देतात. त्यांना कोणी दिंडी क्रमांक विचारत नाही. "तुझा संघ असतो का हाकोनेत?" मी विचारलं. "नाही, तेवढे वेगवान नाहीत," मुलगा शांतपणे म्हणाला. "पण पाय सगळ्यांचे शाबूत आहेत."

पाय राखण्याची गोष्ट इथे जुनीच. ह्याच कोतोत, फुकागावाला, कवी बाशो राहत होता. 1689 साली तो उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला. निघण्यापूर्वी त्यानं विजार शिवली, टोपीची नवी दोरी लावली आणि गुडघ्याखाली मोक्सा घेतला, म्हणजे योमोगीच्या वाळल्या पानांचा डाग. योमोगी आपल्या जोतिबाच्या दवण्याच्या कुळातली. आज त्याच वॉर्डात, आरिआकेच्या आरोग्य विद्यापीठात, हा डाग देणं आणि हाड बसवणं दोन्ही चार वर्षांच्या पदवीला शिकवतात. बाशोच्या वेळी ज्याचा तोच ट्रेनर होता. कविता करून वर स्वतःच्या नडग्याही सांभाळायच्या. मला एकही झेपत नाही.

चौथ्या खेपेला मुलानं पट्टी सोडली, मला दारापर्यंत चालवून पाहिलं आणि सांगितलं, "आता येऊ नका."

पंधरा दिवसांनी तो ओजिमा स्टेशनात समोरून आला, हातात बर्फाची पेटी. मी हात केला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओळख पटेना. मग नजर खाली गेली, उजव्या पायावर दोन पावलं थांबली, आणि त्याचा चेहरा उजळला.