आखरी दाम

नामपल्लीची नुमाइश 1 जानेवारीला सुरू होते आणि 15 फेब्रुवारीला संपते. म्हणजे संपायची असते. मुदत वाढल्याचीही उदाहरणं आहेत. 1938 पासूनची ही जत्रा. हैदराबादकर तिथे फिरायला जातात, मी घासाघीस करायला जातो.

यंदा पुतण्या बरोबर होता. हायटेक सिटीत सॉफ्टवेअर लिहितो. मी काश्मिरी शालवाल्यापुढे बसलो होतो आणि पाठीमागे तो माझ्या बायकोला सांगत होता, की कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे आधीच ओळखणारा प्रोग्रॅम मी लिहिणार. बायको गणिताची निवृत्त शिक्षिका.

"नाही जमायचं. ट्यूरिंगनं 1936 मध्येच दाखवून दिलंय. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, तुला तिशी लागली."

"पण काकू, आता मशीन्स केवढी फास्ट आहेत!"

"वेगाचा काय संबंध? काकांकडे बघ. ही घासाघीस थांबेल का, सांग."

"थांबेल की. काका दमलेत."

दमलेत? मी किंमत पुन्हा निम्मी केली. शालवाल्यानं तिप्पट करून वर एक रुपया चढवला. (गणितात हा खेळ खरोखरच आहे: संख्या सम असेल तर निम्मी, विषम असेल तर तिप्पट अधिक एक. 27 पासून निघालं तर 1 वर उतरायला 111 पायऱ्या लागतात. प्रत्येक संख्या उतरतेच का, हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.)

"मग नाही थांबणार," पुतण्या म्हणाला.

मी ताबडतोब पाकीट काढलं. कितीला घेतली ते विचारू नका.

"बघितलंस? तुझाच प्रोग्रॅम पोटात घालून, त्याचं उत्तर ऐकून नेमकं उलट वागणारा प्रोग्रॅम कुणीही लिहील. त्याच्याबद्दल तू काहीही सांगितलंस तरी खोटा पडशील. ट्यूरिंगला तो कागदावर रचावा लागला, मला लग्नात मिळाला."

"आम्ही तीस सेकंद वाट बघतो आणि बंद पाडतो," पुतण्या पुटपुटला.

"बंद पाडणं वेगळं, थांबणं वेगळं. एकतिसाव्या सेकंदाला उत्तर येणार होतं की नाही, कळलं का तुला?"

शालवाला घडी घालत म्हणाला, "साब, मॅडम के लिए भी एक?"

मी पुन्हा मांडी घातली. पुतण्यानं या खेपेला तोंड उघडलं नाही.