बारा बंद आणि दोन मेजर

आमच्या घराण्यात वेशभूषेची जाण माझ्याकडून आली, असं एखादं वाक्य लेकीने कॉलेजच्या निबंधात घालावं, अशी माझी नम्र सूचना होती. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकातला माझा मराठा सरदाराचा फोटोही मी पुढे केला. तिने तो दोन बोटांनी मोठा केला, माझ्या चेहऱ्यावरून न थांबता खाली उतरली आणि बगलेपाशी अडली. "बाबा, बाराबंदीला व्हेल्क्रो?"

होतं व्हेल्क्रो. दोन प्रवेशांच्या मधे बारा बंद बांधत बसायला वेळ कुठला? बंद वरून शोभेला शिवलेले, कामाची पट्टी आत. अडचण एवढीच झाली की तिसऱ्या अंकात मी धारातीर्थी पडल्यावर सेवकाने जखम बघायला माझी छाती मोकळी केली, तेव्हा एडिसन गावातल्या एका शाळेच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत 'चर्रर्र' असा आवाज गेला. डोळ्यांना पदर लावलेल्या बायका पदरातच हसायला लागल्या. मी मेलेलो असल्यामुळे मला काहीच करता आलं नाही.

तर लेकीला कॉस्च्यूम डिझाइन शिकायचंय. आणि केमिस्ट्री. दोन्ही, पूर्ण, डबल मेजर. मंडळात कुणी विचारलं की 'केमिस्ट्री' मी पोवाड्याच्या पट्टीत सांगतो, आणि 'थिएटरचंही काहीतरी बघतेय' हे समोशाबरोबर गिळतो. तरी एखाद्या काकूंना ऐकू जातंच. "हो का? फॅशन डिझायनर होणार?" आता हा फरक मलाही अलीकडेच कळलाय. फॅशनवाले नवा कपडा नवा दिसावा म्हणून झटतात. आमच्याकडे परवा चांगल्यापैकी लिननचा नवा सदरा आला आणि कन्येने तो टेबलावर पसरून, कोपरापाशी आणि कॉलरवर, खोबऱ्याच्या किसणीने घासला. मग पॉलिश पेपर लावला. मग चहाच्या पाण्यात बुडवला. पात्र गरीब आहे म्हणाली. मी किमतीची चिठ्ठी पाहिली आणि पात्राच्या बापाबद्दल मला फार वाईट वाटलं.

केमिस्ट्री हा विम्याचा हप्ता आहे, अशी माझी समजूत होती. नाटक नाही चाललं तर लॅब आहे. कॉलेजांसाठी मी एक्सेलची फाइल केली, तिच्यात 'नाटक नाही चाललं तर' असा रकाना ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारी नवा रकाना आलेला: 'केमिस्ट्री नाही चालली तर'. तिच्या लेखी हे दोन विषय नाहीतच. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचं अठरा वर्षांचं पोर कृत्रिम क्विनीन करायला बसलं आणि हाती जांभळा रंग लागला, तिथून पुढचा सगळा कपडा रसायनशास्त्राचाच, असं ती मला गाडीत ऐकवते. सुताला सोडा घालून बसणारा रंग वेगळा, रेशमाला आंबटावर चढणारा वेगळा, आणि पॉलिएस्टर जवळजवळ उकळल्याशिवाय दाद देत नाही. हे शेवटचं ज्ञान आम्हाला इडलीच्या पातेल्यात मिळालं. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नसतं, हा नियम तिने नंतर सांगितला. तेव्हापासून बायकोचा ओढा बी.ए.कडे आहे.

खरी लढाई बी.ए. विरुद्ध बी.एफ.ए. अशी आहे. बी.एफ.ए. म्हणजे साधारण दोन तृतीयांश अभ्यास नाटकाचाच. दिवसा वर्ग, दुपारी शिवणखोली, रात्री तालीम. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकलही दुपारीच, आणि प्रयोगाआधीच्या टेक वीकमध्ये तर मूल घरी फोन करण्यापुरतंही उरत नाही. दोन मेजर तिथे बहुतेक ठिकाणी हसण्यावारी नेतात. बी.ए.त दुसऱ्या मेजरला मोकळीक, पण मग शिवणखोलीत हात किती बसणार? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये १९१४ पासून नाटकाची पदवी मिळते, आणि विज्ञान नि कला एकाच पदवीत बांधायची सोयही आहे. हे कळल्यावर मी ते नाव फाइलीत पिवळं केलं. वर्षाच्या फीचा आकडा बघून पुन्हा पांढरं केलं.

माझ्या डोक्यात वेशभूषेचं कॉलेज म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आहे. लहानपणी सांगलीत स्नेहसंमेलन आलं की ती सायकलरिक्षातून शाळेत यायची, मागोमाग भाड्याने पोशाख देणारे ड्रेपरीवाले. काळी टोपी, कानावर पेन्सिल, तोंडात सुपारी. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा असा भपका यायचा की पहिल्या रांगेतले मावळे मागे सरकायचे. प्रत्येक कपड्याच्या आत शाईने नाव घातलेलं: 'शिवाजी २', 'शिवाजी मोठा', 'खान', 'साधू/भिकारी'. हा शेवटचा एकच झगा होता. रुद्राक्षांची माळ घातली की साधू, काढली की भिकारी. एक किरमिजी मखमली कोट सकाळच्या सत्रात औरंगजेब असायचा आणि दुपारी सिंदबाद. जिरेटोप आतून तेलाने काळाकुट्ट, त्यात शहरातल्या यच्चयावत शाळांची डोकी मुरलेली. जरीकाम खराब होतं म्हणून धुणं नाही, फक्त ऊन दाखवायचं. मोत्याचा कंठा पुढून मोत्यांचा, मागून सुतळीचा, आणि त्यामुळे कोणत्याही शिवाजीने प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हे दिग्दर्शन मास्तरांचं नसून ड्रेपरीवाल्यांचं असे.

पण खरी गंमत पुढची. मास्तरांनी पात्रयादी वर्गात वाचलेली असायची. ड्रेपरीवाले ती हातात घ्यायचे नाहीत. आमची रांग लावायची, चष्म्यावरून एकेकाकडे बघायचं आणि निकाल द्यायचा. "हा मावळा. हा मावळा. ह्याला खान द्या. तू रे, खांदे पाड. हां, तू दूत." टेप नाही, वही नाही. मी शिवाजी म्हणून महिनाभर तालीम केलेली, पण मला 'शिवाजी २' खांद्यात झाला नाही. मला दूत केलं. आणि त्या दूताच्या शेल्याला त्यांनी उभ्या उभ्या अशी एक पिन मारली, की मी रंगमंचावर गेलो तेव्हा पहिल्यांदाच ताठ उभा राहिलो. शेला सुटेल या भीतीने असेल. पण सगळे म्हणाले, दूत भाव खाऊन गेला.

माझ्या अभिनयाच्या कारकिर्दीचा आरंभ मी नेहमी तिथूनच सांगतो. पिनेचा उल्लेख करत नाही. कार्यक्रमपत्रिकेतही नव्हता. वेशभूषा सगळ्यात खाली, ध्वनिक्षेपकाच्या नंतर, आणि तीही दुकानाच्या नावाने. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं त्या सांगलीची ही गोष्ट. आमच्याकडे संगीत कुणाचं, नेपथ्य कुणाचं, हे जाणकारांना पाठ असतं. कपड्यांचं विचारा.

वेशभूषाकार भानू अथैयांचं मात्र पाठ आहे, कारण ऑस्कर. कोल्हापुरात जन्म, जे. जे.त शिक्षण, 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली पुरस्कार, तो मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. "त्यात पुढे स्कोप काय?" असं मला विचारणारे गृहस्थच त्यांच्या पुण्यतिथीला ग्रुपवर हात जोडलेले फोटो टाकतात. त्याच बाईंनी २०१२ साली ती ऑस्करची बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली, हे मात्र त्या फोटोखाली नसतं. आपल्यामागे ती इथे नीट सांभाळली जाणार नाही, शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल चोरीला गेलंच ना, असा त्यांचा साधा हिशोब होता. चूक म्हणता येत नाही याचाच राग येतो.

सांभाळण्यावरून आठवलं, मॅसॅच्युसेट्सच्या स्मिथ कॉलेजात सामान्य बायकांच्या रोजच्या कपड्यांचा हजारोंचा संग्रह आहे. राण्यांचे झगे नव्हेत; कामाचे, डागाळलेले, ठिगळ लावलेले. त्यातले काही २०२४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आले तेव्हा आम्ही बघायला गेलो. लेक एका रफू केलेल्या काखेपाशी इतका वेळ थांबली की पहारेकरी आमच्याजवळ येऊन उभा राहिला. माझी आजी विटलेल्या लुगड्याची आधी चौघडी करायची, मग पायपुसणं, मग भांड्यांची चिंधी. तिच्या आयुष्यातला एकही कपडा आज कुठे नाही. हे लेकीला सांगावं असं वाटलं, पण घसा जरा बसला होता, म्हणून पार्किंग फार महाग आहे एवढंच म्हणालो.

स्मिथमध्ये दोन मेजर करणाऱ्या मुली पुष्कळ असतात म्हणे. ते नाव पिवळं केलंय. फीचा रकाना सध्या लपवून ठेवलाय.

पोर्टफोलिओला नुसती चित्रं पुरत नाहीत, शिवलेल्या कपड्यांचे फोटोही लागतात, म्हणून यंदाच्या गणपतीच्या नाटकात माझी बाराबंदी ती शिवणार आहे. बाराच्या बारा बंद खरे. मला सरदाराच्या सासऱ्याचं काम आहे. सासरा वयाने लहान दाखवता येईल का, एवढंच मी विचारलं होतं. माप घ्यायच्या वेळी मी कंबर ३४ सांगितली, पँटवर छापलेलीच आहे.

"पँट तू पोटाच्या खाली घालतोस, बाबा. बाराबंदी वरून येते." टेप फिरला. "श्वास सोड."

"सोडलाय."

"मग बोलून दाखव."

"काय बोलू?"

"हां," ती म्हणाली, आणि ४१ लिहिलं.