स्वाभिमानाची अडत

बारामतीतल्या जळोचीच्या उपबाजारात अण्णा भेंडीचं क्रेट उतरवतात तेव्हा व्यापारी आधी घोटभर पाणी पितो आणि मगच भाव बोलतो. किलोमागं आठ आणे कमी बोलला तर अण्णा क्रेट उचलून पुन्हा टेम्पोत ठेवतात आणि टेम्पो चालू करायला सांगतात. आजवर टेम्पो फाटकाबाहेर कधी गेलेला नाही. उमेदीच्या काळात रुमालाखाली बोटं धरून सौदे करताना, समोरच्याचं बोट किती वेळ अडखळतं यावरून त्याची ऐपत ओळखणारा हा माणूस. 2016 साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली, त्याचं निम्मं श्रेय सरकारचं आणि निम्मं अण्णांच्या आवाजाचं, असं खुद्द अण्णांचं नम्र मत आहे.

तर अशा अण्णांना ॲमस्टरडॅममधल्या एका यंत्रानं दोन मिनिटांत गुंडाळलं. आवाज न करता, आणि अण्णांच्या पूर्ण संमतीनं.

शेतकऱ्यांच्या परदेशी अभ्यासदौऱ्याची सरकारी योजना आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? निम्मा खर्च सरकारचा, तोही मर्यादेत, उरलेला शेतकऱ्याचा, आणि अभ्यास ज्याचा त्यानं करायचा. नेदरलँड्सला गेलेल्या अण्णांच्या गटात ऊसवाले होते, इंदापूरकडचे डाळिंबवाले होते आणि कशाचेच नसलेले दोन पुढारीही होते. आल्समेरचा फुलांचा लिलाव सगळ्यांना आवडला. तिथं बोली वर चढत नाही. घड्याळावर भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबील त्याचा माल. ‘घाई करील तो जादा पैसं मोजतो’, असं अण्णांनी लगेच डायरीत टिपून घेतलं. हे वाक्य त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी परत वाचलं असतं, तर आम्हाला आज दुसरा विषय शोधावा लागला असता.

पुढं राबोबँकेची माहिती झाली. डच शेतकऱ्यांच्या छोट्या छोट्या पतसंस्थांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उगवलेली आणि जगभर पसरलेली ही सहकारी बँक. मंडळींनी माना डोलावल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एकच प्रश्न आला: ‘हितं पॅनेल किती असत्यात?’

खरी तयारी मात्र निघण्याआधी बारामतीतच झाली होती. रिझर्व्ह बँकेनं 2020 पासून नियम केलाय की नवं कार्ड मुळात देशातच चालेल. परदेशात वापरायचं तर खातेदारानं ते आधी सुरू करून घ्यायचं. अण्णा बँकेत गेले. बँक कुठली ते सोडा, सगळीकडं तोच पंखा फिरतो. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, ‘परदेशात कशाला?’ ‘अभ्यासाला.’ ‘या वयात?’ मग फॉर्म, मग दुसरा फॉर्म, मग ‘मोबाईलवर होतंय की, इथं कशाला आलात?’ शेवटी हिंजवडीतल्या पुतण्यानं अर्ध्या मिनिटात ते काम केलं आणि वर सल्ला दिला, ‘काका, तिकडं सगळं कार्डावर चालतं. रोख कशाला हवी?’ पण खिशात नोट नसली की अण्णांना झोप लागत नाही. हिंजवडीत लागते, कारण तिथं हप्ते आपोआप जातात.

तर यंत्र. खऱ्या बँकेचं यंत्र चार गल्ल्या पलीकडं होतं. हे हॉटेलच्या अगदी दारात, रंगीत, दिव्यांनी लखलखणारं आणि कुठल्याच बँकेचं नाव नसलेलं. अण्णांनी कार्ड घातलं, पिन दाबला, 200 युरो मागितले. पडद्यावर प्रश्न उमटला. बारक्या इंग्रजीत होता, गटातल्या एका मास्तरांनी अर्थ सांगितला: ‘तुमच्या खात्यातून थेट रुपये वजा करू का? भाव आत्ताच नक्की करून देतो.’ होकाराचं बटण हिरवं. नकाराचं लाल.

अण्णांचा ऊर भरून आला. ‘आरं बघा! परमुलखात मशीन आपल्याला रुपयात इचारतंय! कुठं पोचला आपला रुपया!’ दोघांनी व्हिडिओ काढला. एकानं ‘भारतमाता की’ म्हटलं, उरलेल्यांनी पुढचं. अण्णांनी हिरवं बटण दाबलं. मागं रांगेतल्या सगळ्यांनी दाबलं. एका डाळिंबवाल्याचा अंगठा घसरला आणि लाल दाबलं गेलं. तरीही नोटा आल्याच, पण आपण देशाला नाही म्हणालो या विचारानं तो बिचारा दोन दिवस नीट जेवला नाही.

साऱ्या गटात फायद्यात राहिला तो हा एकटा.

हिशेब सोपा आहे. धरा की युरोचा बाजारभाव शंभर रुपये आहे. 200 युरोचे झाले 20,000. यंत्राचा मालक रुपयाचा भाव स्वतः ठरवतो. त्यानं एकशे दहा लावला, तर खात्यातून गेले 22,000. मागतोय तेवढं युरोतच दे, असं सांगितलं असतं तर रूपांतर आपल्या बँकेनं केलं असतं. तीही काही धर्मशाळा नाही. साधारण साडेतीन टक्के म्हणजे 700, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 126, आणि पैसे काढल्याबद्दल शंभर-सव्वाशे वेगळे. तरीही हजाराच्या आत मिटतं. ‘भाव आत्ताच नक्की करतो’ या सेवेची किंमत मात्र दुपटीच्या वर. एवढ्यावर संपलं असतं तरी ठीक, पण व्यवहार रुपयात झाला तरी झाला परदेशातच, म्हणून काही बँका इकडूनही आपला हात मारून घेतात. लाल बटण दाबलं की व्यवहार बंद पडेल, अशी भीती असते. बंद पडते ती फक्त यंत्रवाल्याची अडत.

आणि अडत हाच शब्द इथं चपखल बसतो. मार्केट यार्डातल्या अडत्याला चेहरा असतो, गाळा असतो, दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा पुडा येतो, आणि हमाली-तोलाईवरून त्याच्याशी भांडता तरी येतं. यंत्राशी भांडायला अण्णा तयार होते. यंत्र ‘धन्यवाद’ म्हणालं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलं.

थायलंडला अभ्यासाला जाणारी मंडळीही आपल्याकडं बरीच आहेत. कशाचा अभ्यास, हे घरी विचारू नये. तिथं परदेशी कार्डाला यंत्र दर खेपेला साधारण 220 बाट कापतं, तुम्ही हजार काढा नाही तर वीस हजार. आमच्या ऐकण्यातल्या एका गटानं चोरांच्या भीतीनं रोज सकाळी थोडे थोडे पैसे काढले. शेवटपर्यंत चोर काही भेटला नाही. त्याला करायला काही उरलंच नव्हतं. त्यातल्या एका हुशारानं तर क्रेडिट कार्डावर रोख उचलली. त्यावर व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे त्याला विमान मुंबईला उतरल्यावर समजलं. आणि शिल्लक किती राहिली हे परदेशी यंत्राला विचारलं, तर ती आणखी थोडी कमी होते, कारण विचारण्याचेही पैसे पडतात.

या यंत्राचा एक जनक मानला जातो तो जॉन शेफर्ड-बॅरन. जन्म 1925 चा, शिलाँगचा. म्हणजे आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही. त्याचं पहिलं यंत्र 27 जून 1967 ला लंडनजवळ एनफिल्डला बसलं आणि एका खेपेला फक्त दहा पौंड द्यायचं. गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा त्याचा विचार होता, पण बायको म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. तेव्हापासून जगभरचे नवरे चार आकडे पाठ करतात आणि खर्च बायकोच्या नावावर टाकतात.

त्याच सुमाराला आपल्या सरकारची काळजी वेगळी होती. परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर जेमतेम आठ डॉलर टेकवले जायचे. माणूस तिकडं उपाशी राहिला तरी चालेल, डॉलर बाहेर जाता कामा नये. फेब्रुवारी 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेनं वर्षाला 25,000 डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली. आज ती अडीच लाखांवर आहे. आठ डॉलरांत फसवून घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आता सोय झाली आहे.

अण्णांचं खातेपुस्तक भरून आलं तेव्हा ते टपरीवर तीनदा वाचलं गेलं. पुतण्याला फोन लागला. त्यानं ‘काका, नेहमी लोकल करन्सी निवडायची असते’ असं शांतपणे सांगितलं. ‘मग जायच्या आदी का न्हाई बोललास?’ या प्रश्नाला हिंजवडीत नेटवर्क नव्हतं. लाल बटणवाला डाळिंबवाला मात्र आता तालुक्यात परकीय चलनाचा जाणकार म्हणून ओळखला जातो. व्हिएतनामला निघालेला पुढचा गट त्याच्याकडं मार्गदर्शनाला येऊन गेला. सल्ला एवढाच: अंगठा घसरू द्या.

उरलेल्या नोटा अण्णांनी विमानतळावर बदलल्या. तिथं घ्यायचा भाव एक आणि द्यायचा दुसरा, हे पाहून त्यांना खूप दिवसांनी घरी आल्याचं समाधान मिळालं. नाणी मात्र तिथं कुणी घेतली नाहीत. साडेचार युरोंची ती चिल्लर अण्णांनी देवळाच्या दानपेटीत टाकली. पेटी उघडली तेव्हा पंचमंडळी हादरली. देवस्थानाला परकीय देणगी आली, कायदा कुठला लागतो, खातं वेगळं काढावं लागतं का, यावर दोन बैठका झाल्या. तिसरीला बारामतीहून एका सीएंना बोलावलं. त्यांनी नाणी निरखून पाहिली आणि सांगितलं, दाता भारतीयच आहे, काळजीचं कारण नाही. सल्ल्याची फी तीन हजार झाली, अधिक जीएसटी.