सोंगाड्याला शंका विचारू द्या

लसीकरणाच्या जनजागृतीचं कलापथक गावात आलं की पुढे काय होणार, हे नगर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ढोलकी वाजते, गण होतो, आणि फाटक्या सदऱ्यातला एक जण म्हणतो, मी नाही माझ्या पोराला सुई टोचू देणार. डॉक्टर झालेला कलाकार त्याला चार वाक्यं ऐकवतो. त्याला लगेच पटतं. घोषणा होते, फोटो निघतो, गाडी पुढच्या गावाला जाते.

फाटक्या सदऱ्यातल्या त्या माणसाचा असा वापर मला मान्य नाही. तो तमाशातला सोंगाड्या आहे. वगात तो राजाला अडवतो, प्रधानाला उघडा पाडतो, आणि समोर मातीत बसलेली माणसं त्याच्यावर जीव टाकतात, कारण त्यांच्या ओठांवर अडलेलं तो बोलून मोकळा होतो. आपल्याकडे सवाल-जवाबाची एवढी मोठी परंपरा. सवाल कच्चा असेल तर तिथे जवाबाला टाळी पडत नाही. मंजूर होऊन आलेल्या संहितेत मात्र जवाब आधी लिहिला जातो आणि सवाल त्याच्या मापाने कापला जातो.

खरा सवाल असा आहे. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलेंट देतात. त्यात डांग्या खोकल्याची लस असते. त्यानंतर बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर रडणं चालतं. एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. पण आईला सकाळी खुरपणीला जायचं असतं, रोज बुडतो, आणि सासू म्हणते, खेळतं पोर आजारी पाडून आणलंस. अडीच महिन्यांचा डोस चुकतो तो इथे. या बाईला ‘लस सुरक्षित आहे’ असं चालीवर सांगून काय उपयोग? ताप येईल, तो किती दिवस राहील, औषध कोणतं आणि किती द्यायचं, दवाखान्यात कधी धावायचं, हे तिला हवं आहे. तापाचं नाव न घेणारं गाणं पहिल्याच रात्री खोटं पडतं. मग पुढच्या एकाही गाण्यावर ती विश्वास ठेवत नाही.

शंकेला मंच मिळाला नाही की ती दुसरा मंच शोधते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या इंदुरीकर महाराजांनी नाशिकच्या बाजूला एका कीर्तनात सांगितलं की आपण कोरोनाची लस घेतलेली नाही आणि घेणारही नाही. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना महाराजांशी बोलतो, असं जाहीर करावं लागलं. महाराजांचं ते बोलणं घातक होतं, हे मी स्पष्ट म्हणतो. त्याच वर्षी मे महिन्यात संगमनेरला तमाशाच्या थोर कलावंत कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या होत्या. पण हजारो माणसं त्या कीर्तनकाराला ऐकायला येतात आणि सरकारी गाडीभोवती पोरं तेवढी जमतात, याचाही विचार व्हायला हवा. लोकांच्या मनातलं बोलणारा माणूस आपण शंकेच्या बाजूला जाऊ दिला.

भीतीला रूप देण्यात लसीचे विरोधक पहिल्यापासून पुढे आहेत. जून १८०२ मध्ये मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, हिंदुस्थानातली पहिली. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स गिलरेने लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडताना दाखवणारं व्यंगचित्र काढलं. ते आजही छापलं जातं.

या भीतीला उत्तर शोधायला लांब जायला नको, जामखेडला जा. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावानेच निवडलेल्या बायका तिथे शिकायला येत, पुष्कळशा निरक्षर, अनेक दलित. वाचता येत नसल्याने गाणी, नाटुकली, चित्रांचे तक्ते हीच त्यांची पाठ्यपुस्तकं झाली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचं जगभर कौतुक झालं. मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: गाणं म्हणणारी बाई त्याच गावात राहायची. रात्री पोराला ताप चढला तर तिचं दार वाजवता यायचं. गाण्यात काय कबूल केलं होतंस, हे सकाळी पाणवठ्यावर तिला विचारता यायचं. दुसऱ्या दिवशी निघून जाणाऱ्या गाडीला हे कोण विचारणार?

नवरात्रात पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीची यात्रा भरते. त्याच सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या तयारीत असतात आणि पोरांचे पुढचे डोस वाटेत हरवतात. माझी मागणी आहे की जिल्हा परिषदेने येत्या नवरात्रात तिथे एक अख्खा वग लावावा. सोंगाड्या खऱ्या फडातला आणावा, त्याला पुरती बिदागी द्यावी. वग लिहिणाऱ्याने आधी आशाताईंबरोबर वस्त्या फिराव्यात. मंचाशेजारी सिस्टर असावी, लसी आणि कार्डं असावीत. मग सोंगाड्याने मोकळेपणी विचारावं. पोरासाठी एक दिवस थांबलो तर मुकादम खाडा मांडेल, ते पैसे कोण भरणार? हे कार्ड घेऊन कोल्हापूरला गेलो तर तिथली सिस्टर डोस देईल का? देईल, आणि हे मंचावरून ठणकावून सांगावं. ऊसतोडीच्या मुक्कामी कोपीवर रात्री पोर तापलं तर फोन कुणाला लावायचा? या प्रश्नावर संहितेत नंबर नसेल तर वग तिथेच थांबवावा आणि समोरच्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याने मंचावर येऊन तो द्यावा.